तिरफळं वाटायची नसतात

सर्वण, डिचोली
१४ जून २०२५

सायलीस,

तुझं पत्र काल दुपारी आलं. अर्धं पान, त्यावर दोन प्रश्न, खाली सही आणि सहीखाली एक ओळ, "कृपया फोन करू नका." सहा वर्षांनी सुनेचं पत्र यावं आणि त्यात सासू जिवंत आहे की नाही एवढंही विचारलेलं नसावं. असो. जिवंत आहे. फोन मी करणार नव्हतेच.

तुझा पहिला प्रश्न, पेज आणि आटवल यांत फरक काय. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही हे कळतं, पण तू विचारलंस म्हणून सांगते. पेज उकड्या तांदळाची. उकडा म्हणजे भातच आधी उकडून, वाळवून, मग सडलेला तांदूळ, तांबूस, जाड. तुमच्याकडचा पांढरा तांदूळ घेतलास तर खळ होईल, पेज होणार नाही. एक वाटी तांदळाला सहा वाट्या पाणी. पहिला कढ मोठ्या आचेवर, मग आच बारीक करायची आणि विसरून जायचं. दाणा फुलून पोटात फुटला की पेज झाली. दाणा वेगळा दिसला पाहिजे आणि बोटांत धरला तर चिरडला पाहिजे.

आटवल वेगळी. तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र शिजवून आटवायची, म्हणजे पाणी सुटं राहू द्यायचं नाही, सगळं एकजीव मऊ. तापातून उठलेल्या माणसाला देतात. वर साजूक तूप.

दुसरा प्रश्न, निवळ म्हणजे काय. पेज उतरवून न ढवळता ठेवली की दाणे तळाशी बसतात आणि वर पातळ पाणी राहतं. ती निवळ. पळी वरच्यावर फिरवून काढायची. घाई केलीस तर गढूळ येते.

हे सगळं तू या घरात चौदा महिने होतीस तेव्हा पाहिलं असशील. पाहिलं नसशील तर लक्ष कुठं होतं ठाऊक नाही.

पाऊस आहे. मी बरी आहे.

कमल कृष्णनाथ गावस


सर्वण
२५ जून

सायलीस,

यावेळी पूर्ण पान लिहिलंस. तरी प्रश्नच. मला वाटलं होतं मागच्या पत्राला उत्तर येणार नाही. मी ते जरा कडू लिहिलं होतं, पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं.

नाचणीचं सत्त्व असं काढ. नाचणी रात्रभर भिजत घाल, सकाळी मिक्सरवर बारीक वाट, पाणी घालून पातळ कपड्यातून गाळ. चोथा परत वाट, परत गाळ. मग ते दुधासारखं पाणी हलवू नकोस. दोन तासांनी सत्त्व खाली बसेल, वरचं पाणी ओतून टाक. ते सत्त्व गूळ आणि नारळाचा रस घालून शिजवलं की तिजान. गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवायचा नाही. घट्ट झालं तर कोमट रस घालून सैल कर, गार घालू नकोस.

नारळाच्या रसाचं विचारलंस. सोय मिक्सरमध्ये थोड्या कोमट पाण्याबरोबर वाटून पिळली की पहिला रस. तोच चोथा परत वाटून पिळला की दुसरा, पातळ. शिजवायला दुसरा, शेवटी घालायला पहिला. पहिल्या रसाला उकळी येऊ द्यायची नाही, तो फुटतो, म्हणजे पाणी एकीकडे आणि तेल एकीकडे होतं. कडेला बुडबुडे दिसले की खाली उतरव.

आणि सोय म्हणजे खवलेला नारळ. हे तुला आता तरी ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी तुला म्हटलं होतं, "सायली, सोय कर." तू मान हलवून बाहेर गेलीस आणि अर्ध्या तासानं दुकानातून चार नारळ घेऊन आलीस. तुला वाटलं नारळाची व्यवस्था करायला सांगितलं. दारात भावोजी बाबाजी आणि शेजारची सुविधा होती. सगळे हसले. मीही हसले. आज लिहिताना मला एकटीलाच हसू आलं, पण ते वेगळ्या तऱ्हेचं होतं, आणि जास्त वेळ टिकलं नाही.

कळण म्हणजे शिजवलेल्या मुगाचं किंवा कुळथाचं पाणी. त्याला जिऱ्याची साधी फोडणी पुरे.

आता मी विचारते. तुझी दोन्ही पत्रं मी समोर ठेवलीत. पेज, निवळ, सत्त्व, कळण, रस. मिरची नको, मोहरी नको. प्रत्येक ठिकाणी तू लिहिलंस, "गाळून घेता येईल का?" एकही पदार्थ चावायचा नाही. तुझ्या घरात कोण आजारी आहे? पोरीला काही झालं आहे का? तिचं नावही मला ठाऊक नाही आणि मी विचारते आहे.

फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तू जाणतेस. पण कागदावर लिही. उलट टपालानं लिही.

कमल


सर्वण
५ जुलै

सायली,

पत्र तीनदा वाचलं. गौरेशची मोटरसायकल ४ जूनला घसरली आणि मला ३ जुलैला कळलं. एक महिना मी इथं सकाळी पाव घेत होते, चहा पीत होते, देवाला फुलं घालत होते.

जबडा दोन ठिकाणी मोडला, दात तारेनं बांधले, सहा-सात आठवडे तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, नळीनं प्यायचं. एवढं वाचून मी उठले आणि पिशवीत दोन लुगडी भरली. मग पुढचं वाचलं, की त्यानं पाटीवर लिहिलंय, "आईला कळवायचं नाही." पिशवी रिकामी केली.

तू त्याच्या पाठीमागे मला लिहितेस हे मला उशिरा समजलं. तू त्याला सांगितलंस की हे सगळं मोबाईलवर बघून करते. मी कुणाला बोलणार नाही. सुविधा म्हणाली होती, पत्रं कशाला, माझ्या मोबाईलवरून पाठव. तिला दिलं तर संध्याकाळपर्यंत वाड्यावर सगळ्यांना कळेल. मी डिचोलीला जाऊन स्पीड पोस्ट करते.

तो पाटीवर लिहितो, "नको," आणि पेला सारतो, असं लिहिलंस. बारा किलो उतरला. सायली, त्याचा राग तुझ्यावर नाही. लहानपणी गालगुंड झालं होतं तेव्हाही असाच करायचा. गरम नको, गार नको. हाताच्या मागच्या बाजूला थेंब टाकून बघ, चटका नाही आणि गारही नाही असं हवं. पेला भरून देऊ नकोस, भरलेला पेला बघून तो दमतो. अर्धा दे. प्यायला तर दुसरा अर्धा. आणि समोर उभी राहू नकोस. मी जनेलाकडे, खिडकीबाहेर तोंड करून तांदूळ निवडत बसायची, मग तो प्यायचा.

सोबत पार्सल आहे. दोन किलो उकडे, एका बाटलीत आगळ. आगळ म्हणजे पिकलेल्या कोकमांचा मिठातला रस, म्हणून सोलकढीत वेगळं मीठ आधी घालू नकोस, चाखून घाल. नारळाच्या पहिल्या रसात आगळ घालायचं, रंग जांभळट गुलाबी झाला की पुरे. लसूण नुसती ठेचून पाच मिनिटं बुडवून काढून टाक. दोनदा गाळ, नळीत अडकता कामा नये.

मुलीचं नाव गौरवी. तू लिहिलंस, "ती बाबांच्या पाटीवर चित्रं काढते, म्हणून आता दोन पाट्या आणल्यात." ही एक ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

माझ्याकडून होईल ते विचार.

आई


सर्वण
१५ जुलै

सायली बाय,

त्यानं पूर्ण पेला घेतला. मग परत अर्धा. मग पाटीवर लिहिलं, "ही आईची पेज." आणि लगेच पुसून टाकलं. मी हे वाचून चुलीसमोर बसून राहिले. दूध उतू गेलं, पुसलंही नाही.

पण तुझ्या पत्राचं दुसरं पान. ते तू लिहिलंस हे बरं केलंस. लिहायला नको होतंस असं पहिल्या वाचनात वाटलं.

तू लिहितेस की आम्हा मायलेकांमधलं बोलणं तुटलं ते माझ्या फोनवरच्या शब्दांनी. खरं आहे. तुला दिवस गेलेत हे सांगायला गौरेशनं फोन केला आणि मी म्हटलं, "त्या घाटावरच्या घाटणीचं बाळंतपण माझ्या घरात नको." त्यानं फोन ठेवला तो ठेवलाच. २०२१ला त्याचे बाबा गेले तेव्हा बारा दिवस येऊन राहिला, बाबाजीशी बोलला, माझ्याशी नाही. हे मला ठाऊक होतं.

मला ठाऊक नव्हतं ते तू आता लिहिलंस. की माझ्याशी तो भांडला, तरी तुमच्यात काही वाद झाला की आजही तुला म्हणतो, "तू चवथीला सगळ्यांसमोर, गणपतीसमोर खोटं बोलली होतीस. आईवर ढकललंस." आईच्या वाईट जिभेचा त्याला राग आहे, पण आई खोटं बोलली असेल हे त्याच्या मनात येत नाही. सात वर्षं तू त्या घरात खोटारडी म्हणून राहतेस.

तर आता ऐक. २०१८ची चवथ. तीस माणसं जेवायला. सगळ्या भाज्यांचं खतखतं तुला करायला दिलं होतं. तू भाज्या सुंदर चिरल्या होत्यास, मला आठवतं, सगळे तुकडे एका मापाचे. नारळाचं वाटप घ्यायला बसलीस आणि मला विचारलंस, "आई, ही तिरफळं कशी घालायची?"

तिरफळं वाटायची नसतात. काळं बी काढून टाकायचं, साल तेवढी ठेचायची, थोड्या पाण्यात टाकायची आणि ते सगळं अगदी शेवटी वरून घालायचं. वाटली तर कडू होतात आणि जीभ बधिर होते. हे मी माझ्या माहेरी, इब्रामपूरला, आठव्या वर्षी शिकले. तू विचारलंस आणि मी तुझ्याकडे न बघता म्हटलं, "वाटपात घाल. बियांसकट. बारीक वाट."

मी म्हटलं. चुकून नाही, घाईत नाही. मागच्या खोलीत माझ्या जावा बोलत होत्या की सून चांगली आहे, हात चालतो, वयनीला आता आराम. ते ऐकलं आणि मला आराम नको होता. या घरात मला विचारल्याशिवाय काही होत नव्हतं ते एवढंच, मीठ किती आणि वाटप कसं. शेत यांचं, पैसा यांचा, मुलाचं लग्न मुलाचं. चूल माझी होती. तीही जाते असं वाटलं.

पानं वाढली, पहिला घास घेतला आणि तीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाबाजीनं पाणी मागितलं. तू म्हणालीस, "आईंनीच सांगितलं वाटायला." गौरेशनं माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे हात केला आणि म्हटलं, "बाप्पासमोर सांगते, मी असं कशाला सांगेन? इतकी वर्षं स्वयंपाक केलाय मी." त्यानं तुला सगळ्यांसमोर गप्प केलं. तू आत गेलीस. मी पानांवर आमटी वाढली आणि सगळं सावरून घेतलं, आणि लोकांनी मला शाबासकी दिली.

हे पत्र गौरेशला वाचायला दे. तू चोरून लिहीत होतीस हे त्याला कळेल, त्याची माफी मी मागते. त्यानं माझ्या हातचं घ्यायचं थांबवलं तर त्याला भात-मुगाची निवळ दे, ती कुणाच्याही हातची सारखीच लागते.

तुझी,
कमल


सर्वण
४ ऑगस्ट

सायली,

अजून पत्र नाही. रोज बारा वाजता पोस्टमन वळणावरून जातो. हल्ली मी ओटीवर बसत नाही, आतून ऐकते.

तारा काढल्या असतील. तार काढल्यावर लगेच चावायला देऊ नकोस, जबडा आखडलेला असतो. आधी आटवल, मग मऊ भात आणि वरण, मग पावाचा आतला भाग दुधात. हे मी डिचोलीच्या डॉक्टरना विचारून लिहिते, माझं नाही.

एकटीच्या स्वयंपाकाला आमच्यात वेगळा शब्द नाही. तीस माणसांचं मी डोळे मिटून करीन. एका माणसाला नारळ किती खवायचा हे मला अजून जमत नाही. अर्धी कवड घेतली तरी उरते, दुसऱ्या दिवशी वास येतो. आता मी सकाळची पेज संध्याकाळी खाते, सोबत लोणचं. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू नेहमी शब्द विचारतेस, म्हणून हा नसलेला शब्द कळवला.

एवढंच लिही की तो खातो की नाही.

कमल


सर्वण
३१ ऑगस्ट

सायली बाय,

तुझं पत्र चवथीच्या आदल्या दिवशी आलं. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला बाबाजी पेडण्याहून आला होता, त्यानंच हातात दिलं. मी फळं पुसायचं फडकं तसंच धरून वाचलं.

तारा २५ जुलैला निघाल्या. तू माझं पत्र त्याला पाच दिवसांनी दिलंस, तोंड उघडायला लागल्यावर. त्यानं वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू डबा भरत होतीस तेव्हा मागे येऊन उभा राहिला आणि अडखळत म्हणाला, "सायली, तू खरं बोलत होतीस." पुढे त्याला बोलता आलं नाही, जबड्यामुळे की कशामुळे ते तुला कळलं नाही. तू लिहितेस की तू डबा भरतच राहिलीस, हात थांबला असता तर रडली असतीस म्हणून. आणि शेवटी, "त्यांनी तुमच्यासाठी काही निरोप दिलेला नाही."

ते बरोबरच आहे.

मी मात्र ठरवलं होतं. २७ला चवथ झाली. यंदा पंचवीस माणसं. खतखतं मीच केलं, तिरफळं शेवटी घातली. पानं वाढून झाली, सगळे बसले आणि मी म्हटलं, "जरा थांबा. मला सांगायचं आहे." मी खांबाला धरलं. सांगितलं सगळं. २०१८ला खतखतं कडू झालं ते सुनेनं नाही, मी केलं. तिनं विचारलं, मी उलटं सांगितलं, आणि वर देवासमोर नाही म्हटलं. ती खरी होती.

मला वाटलं होतं कुणी उठेल, कुणी नावं ठेवेल. निदान जावा तरी एकमेकींकडे बघतील. सगळे माझ्याकडे बघत राहिले, जसं म्हाताऱ्या माणसाकडे बघतात. मग बाबाजी म्हणाला, "वयनी, एवढ्यासाठी पानां थांबयलंस? खंयचा खतखता गो?" त्याला आठवतच नव्हतं. धाकट्या जावेला आठवलं की त्या वर्षी काहीतरी कडू झालं होतं, पण तिला वाटत होतं कारली होती. सुविधा म्हणाली, "काकी, जेवा आता, पित्त होईल."

आणि सगळे जेवायला लागले. चांगलं झालंय म्हणाले.

सायली, तीस माणसांनी ते त्याच संध्याकाळी सोडून दिलं होतं. धरून बसलो ते आपण तिघं. तू पुण्यात, तो तुझ्या शेजारी, मी इथं. ज्यांच्यासमोर मान राहावी म्हणून मी तुझा मान घेतला, त्यांना दोघींचाही आठवत नव्हता. मी पान वाढून घेतलं आणि तसंच उचलून ठेवलं.

विसर्जनाला गेले नाही. पायऱ्या निसरड्या असतात असं सांगितलं.

गौरवीला सातवं कधी लागतं? लिहावंसं वाटलं तर लिही.

आई


सर्वण
१२ सप्टेंबर

सायली बाय,

काल सकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी "कोण?" म्हटलं. तिकडून नुसता भांड्यांचा आवाज. मी ठेवणार होते.

मग म्हणाला, "मुगागाठी करतोय. मुगाला मोड आलेत. सालं काढायची?"

आवाज त्याचा, पण शब्द जरा दातांत धरल्यासारखे. तू लिहिलं होतंस, तरी मी दचकले. मला एकदम सगळंच विचारायचं होतं. पण त्यानं मुगाचं विचारलं होतं, म्हणून मी मुगाचंच सांगितलं.

"काढायची. कोमट पाण्यात टाक. दोन्ही तळव्यांत हळू चोळ. जोर लावू नको, दाणा मोडतो. सालं वर तरंगतात, ती ओतून टाक. परत पाणी घाल."

"किती वेळा?"

"पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. चार-पाच वेळा."

"बरं."

मला वाटलं आता ठेवील. ठेवला नाही. फोन ओट्यावर ठेवला असावा, पाण्याचा आवाज यायला लागला. चोळतो, ओततो, परत नळ सोडतो. मी खुर्ची ओढून फोनजवळ बसले. कुकर लावायचा होता, लावला नाही. एकदा म्हणाला, "सायली कामावर गेलीय. गौरवी शाळेत." मी "बरं" म्हटलं. परत पाणी. मध्येच काही खाली पडलं, बहुतेक चाळण, आणि तो स्वतःशीच काही पुटपुटला. मी त्याला विचारलं नाही की जबडा दुखतो का, की कधी येणार. त्याच्याकडून एक वाक्य जास्त काढायला मी गेले असते तर त्यानं फोन ठेवला असता, एवढं मी माझ्या मुलाला ओळखते.

घड्याळात बघितलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. एक किलो मूग घेतलेत की काय कोण जाणे.

शेवटी म्हणाला, "झाले." आणि फोन बंद झाला.

परत करीन असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. त्याचा नंबर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवलाय, मी होऊन लावणार नाही.

आता मला एवढंच हवं आहे. काल संध्याकाळी कामावरून येऊन तू जेवायला बसलीस तेव्हा त्यानं तुला मुगागाठी वाढल्या का? मूग अख्खे राहिले होते की मोडले? तुला आवडल्या का? कशा झाल्या होत्या ते लिही. वाईट झाल्या असतील तर तसंच लिही.

कमल